स्टामेनला मिळालेली पोच

पेन्काला बल्गेरियातल्या डॅन्यूब नदीकाठच्या रूसे शहरात सगळे ओळखायचे ते जर्दाळूची राकिया, म्हणजे घरची दारू, गाळणारी म्हणून. औषधांच्या गोदामात ती दिवसभर नेमकं काय करते, हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही धड सांगता यायचं नाही. "फायली पाठवते," एवढंच. गोदामातला साठा गावोगावच्या भांडारांना कळवायचा, त्यांच्या मागण्या इकडे घ्यायच्या, हे यंत्रं आपापसांत करतात खरी. पण यंत्राला अक्कल कुठून येणार? फाइल उचल, तपास, पाठव, पोच आली नाही तर पुन्हा पाठव, आली की आपल्याकडची प्रत पुसून टाक, असं ओळी-ओळीने लिहून द्यावं लागतं. त्याला म्हणतात स्क्रिप्ट. सॉफ्टवेअरबरोबर तयार स्क्रिप्टं येतात, पण बाजारातल्या तयार कपड्यांसारखी ती कुणालाच नीट बसत नाहीत. पेन्का मापाने शिवून द्यायची.

तिकडे दक्षिणेला, डोंगरातल्या स्मोल्यानच्या भांडारात हेच काम स्टामेन करायचा. वर्षानुवर्षं दोघांची स्क्रिप्टं एकमेकांशी बोलत होती, पण या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आता रीत अशी, की स्क्रिप्टमध्ये काही बदललं की आधी चाचणीची एक फाइल पाठवून बघायची. लोक तीत एक-दोन-तीन असे आकडे भरतात. स्टामेनने पहिल्याच फायलीत लिहिलं, "डॅन्यूबकाठची माणसं फार बडबडी असतात म्हणे. खरं असेल तर उत्तर द्या."

पेन्का कसली ऐकतेय! "आणि डोंगरातली चिकट. खोटं असेल तर घेवडा पाठवा."

घेवडा आला की हो! कुणा ट्रकवाल्याच्या हाती पिशवीभर. मागोमाग चाचणीची फाइल: "शिजत असताना जवळ उभी राहून बोलू नकोस, फुटतो." मग काय, गरज नसतानाही चाचण्या होऊ लागल्या.

"अगं, त्या राकियाचं नुसतं नावच ऐकतोय. बाटली घेऊन ये की एकदा. माझी बायको फिदान्का घेवडा रांधेल."

"येते रे बाबा. येत्या वसंतात नक्की."

असे किती वसंत आले नि गेले. बसने एका दिवसाची वाट, ती काही कापली गेली नाही. फोन दोघांनीही कधी केला नाही. ती गोडी त्या फायलींचीच होती.

पुढे गोदामाचे मालक बदलले. नव्यांनी देशभरातली भांडारं जोडायला काढली आणि जो तो चाचण्या धाडायला लागला. आकड्यांच्या फायली उघडून उघडून पेन्का वैतागली. तिने चार ओळी लिहिल्या: चाचणीची खूण दिसली की पोच द्यायची, फाइल न उघडता बाजूला टाकायची, महिना झाला की पुसायची. लिहिताना स्टामेन आठवला नाही असं नाही. त्याच्यापुरती एक ओळ जास्त घातली की झालं. 'उद्या घालू,' असं म्हणून ती घरी गेली आणि विसरली. जळो मेला तो उद्या!

स्टामेनकडून साठ्याची ठरलेली फाइल मात्र रोज सकाळी येत होती. म्हणजे गडी ठणठणीत आहे, कामात आहे, असं ती धरून चालली. थोडा रागही आला. दोन ओळी लिहायला काय हात मोडले याचे?

शेवटी एका वसंतात तीच रुसवा सोडून निघाली. बाटली शालीत गुंडाळून घेतली. स्मोल्यानला बसमधून उतरून चढ चढू लागली, तर खांबाखांबावर कुणाच्या तरी मृत्यूचं पत्रक चिकटवलेलं. ती कुठल्या गावात नसतात! तोच मिशाळ, हसरा चेहरा तीन-चारदा दिसला. परक्या गावात नावं कोण वाचत बसतंय? 'चांगला दिसतोय बिचारा,' म्हणत ती पुढे गेली. घर सापडलं, आणि फाटकावर तोच चेहरा. खाली स्टामेनचं नाव.

काळ्या कपड्यांतली बाई बाहेर आली. "पेन्का ना गं तू? मी फिदान्का. उशीर केलास बाई. चाळिसाव्या दिवसाचे विधीही होऊन गेले."

"अहो ताई, मला ठाऊकच नव्हतं! त्याची फाइल रोज येते की."

"ते त्याने लावून ठेवलंय, चालतंच. घशाचं दुखणं होतं, आवाज गेला. पाटीवर लिहून बोलायचा. एक दिवस म्हणाला, पेन्काला कळवतो, ये म्हणतो. दुपारभर संगणकावर फाइल लिहीत बसला. मग पाटी दाखवली, 'पोच आली.' तेव्हापासून फाटकाकडे डोळे. मी म्हणायची, नाही यायची ती. की लगेच पाटी पुढे करायचा, पोच आलीय."

पेन्काला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "ती पोच मी नाही दिली, ताई. मी वाचलंच नाही. यंत्राने दिली."

"आणि यंत्राला कुणी सांगितलं?"

"मीच."

फिदान्का तिला आत घेऊन गेली, घेवड्याचा वाडगा पुढे ठेवला, स्वतः समोर बसली.

"झालं ते झालं. तू मुद्दाम नाही केलंस. पण आता तरी वाच आणि मला सांग. शेवटी शेवटी माझ्याशी काय बोलायचा तो? पाणी. उशी. खिडकी लाव. त्या दुपारी मात्र किती लिहीत होता! मी मागे जाऊन उभी राहिले तर हाताने म्हणाला, जा तिकडे. इतकं काय होतं गं त्याच्या मनात? तू येशील आणि सांगशील म्हणून वाट बघत होते मी."

पेन्काने चमचा खाली ठेवला. महिना केव्हाच उलटला होता. आणि पोच आली की पाठवणाऱ्याने आपल्याकडची प्रत पुसायची, हे तर तिने आणि स्टामेननेच मिळून ठरवलेलं होतं.

"ती फाइल आता कुठेच नाही, ताई," ती म्हणाली.