बोट कापलं तो दिवस

नवरा गेला तेव्हा त्याला नेमकं काय झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. तो ट्रकवर ड्रायव्हर होता. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. चार वर्षांनी माझं वजन उतरू लागलं, तोंडात पांढरा थर धरायचा, खोकला हटेना. आमच्या कान्हे गावाहून तळेगावला सरकारी दवाखान्यात गेले. क्षयरोग निघाला, आणि रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीसुद्धा.

तिथल्या समुपदेशक बाईंनी समजावून सांगितलं. रोगांशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी असतात. हा विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो, तिथेच वाढतो आणि त्यांना मारतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीकशा थेंबात त्या पाचशेच्या वर असतात. माझ्यात शंभरही भरल्या नव्हत्या.

"किती दिवस आहेत मला?" मी विचारलं.

"गोळी रोज घेतलीत तर दिवस मोजायचं कारण नाही," त्या म्हणाल्या.

आधी क्षयाचं औषध सुरू झालं, दोन आठवड्यांनी एचआयव्हीचं. पहिले काही दिवस गरगरायचं. वर्षभरात वजन परत आलं. विषाणू इतका कमी झाला की तपासणीत सापडेना.

तेव्हा मी लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते. तिथे कुणाला काही सांगितलं नव्हतं. एका दुपारी ट्रेच्या पत्र्याने बोट खोल कापलं. माझ्या शेजारी पॅकिंग करणारी बेडसे गावची मावशी पदराचं टोक घेऊन धावत आली.

"हात लावू नका!" मी ओरडले.

सगळ्या बघत राहिल्या. मी स्वतःच फडकं गुंडाळलं. मावशीने हळूच विचारलं, "काय झालंय तुला?" खोटं बोलायचा कंटाळा आला होता. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तळेगावचा दवाखाना आणि तिथल्या बाईंनी समजावलेलंही.

दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्याजवळ कुणी बसलं नाही. मावशीही नाही. मला राग आला नाही. स्वतःला हे होण्याआधी मीही तशीच वागले असते. पण पुढच्या मंगळवारी मी औषध आणायला निघाले, तर मावशी स्टेशनवर उभी.

"मला इचारायचंय त्या बाईला," ती म्हणाली. "तू सांगशील त्ये खरं कशावरून?"

तिने समुपदेशक बाईंना बरंच काही विचारलं. एका डब्यात जेवल्यावर होतं का, एका संडासाला गेल्यावर, डास चावल्यावर. प्रत्येक वेळी उत्तर "नाही" आलं. शेवटी तिने विचारलं, "मंग चिक्कीतनं?" बाई हसल्या. मावशी हसली नाही. कारखान्यात येऊन तिने सगळ्यांना जशीच्या तशी उत्तरं सांगितली. तिघी परत माझ्याजवळ बसू लागल्या. एक तरणी मुलगी तेवढी लांबच बसायची.

सहा-सात महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी तीच मुलगी सुटल्यावर माझ्या मागोमाग रस्त्याला आली. तिचा भाऊ झिजत चालला होता. दोन दवाखाने झाले होते.

"ताई, ते तळेगावचं कुठल्या वारी असतं?"

मी वार सांगितला. भावाला घेऊन तिला एकटीने जायचं नव्हतं, म्हणून मंगळवारी आम्ही तिघं गेलो. भाऊ सगळा वेळ खाली बघून बसला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तोच सगळ्यात आधी उठला.