पागोट्याची गाठ

विलायतेपलीकडे कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या मोर्शीकडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. त्या दिवसांत माझा देवावरचा भरवसा उडाला होता. दुःखानं उडतो तसा नव्हे, सुखानं. गाड्या भरून अमरावतीला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "तिथल्या अंबाबाईच्या पाया पडून या जा." मी हसलो. "आधी कापूस, मंग देवी." डोक्यावर नवंकोरं जरीचं पागोटं होतं, आणि त्याच्यापुढं मला कुणी मोठं दिसत नव्हतं.

वाटेत तहान लागली. गाड्या पुढं जाऊ दिल्या आणि आडरानातल्या पायऱ्यांच्या विहिरीशी थांबलो. आपल्याकडं वाटसरू पागोटं सोडून त्यालाच लोटा बांधतो आणि पाणी शेंदतो. पण जरतार भिजेल म्हणून मी पडक्या पायऱ्यांनी खाली उतरलो. शेवटची पायरी शेवाळलेली होती. पाय घसरला तो थेट पाण्यात. पोहता येत नव्हतं. भिंतीतला एक दगड हाताला लागला, त्याला लटकून राहिलो. घसरताना ती पायरीही ढासळली होती, वर चढायला काही उरलं नव्हतं. ओरडून घसा बसला, बोटं सुन्न झाली, आणि तोंडून आपसूक निघालं, "आई अंबाबाई, तूच पाय आता मायाकडं."

काठावर एक म्हातारा वाटसरू डोकावला. त्यानं आपला विटका फेटा खाली सोडला. तो पुरेना.

"तुयं पागोटं फेक वर. गाठ मारतो."

खरं सांगतो, त्याही घडीला मला वाटलं, जरीचं पागोटं फाटेल.

म्हातारा हसला. "इचार काय करून राहिला बाप्पा? शिर सलामत तर पगड्या पचास."

मी एका हातानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि बोळा करून वर भिरकावलं. त्यानं दोन्ही जोडून काठावरच्या पिंपळाच्या बुंध्याला बांधलं आणि मला वर ओढलं. ओली गाठ काही सुटेना. मी ती जोडी तशीच त्याच्या खांद्यावर टाकली. नावगाव न सांगता, हसतच तो आपल्या वाटेनं गेला.

बोडक्या डोक्यानं बाजारात पोचलो. पुरुषमाणूस बोडका दिसला की घरात कुणी गेलं असं लोक समजतात. गाडीवान रडवेला झाला. "मालक, कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं रे. मी वापस आलो."

मग कापूस तसाच ठेवून अंबाबाईकडं गेलो. उंबऱ्यावर डोकं टेकलं. एरवी आधी पागोटं टेकायचं, त्या दिवशी कपाळ लागलं. गार दगड इतका गोड लागला की मी रडता रडता हसलो. आपलं म्हणून जे घट्ट धरलं होतं ते सोडलं, तेव्हाच तिनं मला धरलं.

जाणते म्हणतात, म्हाताऱ्याची ती पगड्यांची म्हण उत्तरेकडून लष्कराबरोबर इकडं आली. आली असेल. माझ्यापुरती ती त्या विहिरीच्या काठावरून खाली आली आणि मला घेऊन वर गेली.