चहाच्या पिशवीची वात

माझे सासरे पहिल्यांदा आमच्याकडे नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आले ते पानगळीच्या सुरुवातीला, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते. नोकरी सगळी कारखान्याच्या कॉलनीत गेली, निवृत्तीनंतर दोघांनी पुण्यात फ्लॅट घेतला आणि तिथे घडी बसतेय तोवर सासूबाई गेल्या. बाबा एकटे राहायला लागले आणि सिगारेटही वाढली. आम्हाला ते फोनवरच्या खोकल्यावरून कळत होतं. शेवटी माझ्या नवऱ्याने हट्ट करून त्यांना बोलावून घेतलं.

घरात सिगारेट ओढायची नाही हे त्यांनी आम्ही सांगायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या मागच्या दारी सायकली ठेवायची लाकडी शेड आहे. तिच्या वळचणीला ते जाऊन उभे राहायचे, कानटोपी घालून, नवऱ्याचं जुनं जॅकेट अडकवून. इथला पाऊस धड कोसळतही नाही, नुसता हवेत तरंगत असतो. त्या ओलीत उभं राहून बाबा खोकत आत यायचे, हात चोळायचे आणि जरा वेळाने पुन्हा जायचे.

खोकला वाढला तेव्हा मी त्यांना आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेलं. तिने छाती तपासली, एका नळीत जोरात फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि म्हणाली, "देण्यासारखं औषध माझ्याकडे नाही. सिगारेट थांबवा." मी मराठीत सांगितलं. मला वाटलं बाबांना राग येईल. पण बसमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "बाई सरळ आहे. गोळी नाही, टॉनिक नाही, खोटा धीर नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदम सोडून दोनदा बघितलंय मी. नाही जमत. ते वाफेचं असतं ना, ते बघू या का?"

शनिवारी आम्ही आइंडहोवनच्या एका दुकानातून ई-सिगारेट आणली. बाबांनी निवडली ती हुबेहूब सिगारेटसारखी दिसणारी, बारीक, मागे बॅटरी आणि पुढे बोटाच्या दोन पेरांएवढं कार्ट्रिज असलेली. फळांच्या स्वादाचा द्रव इथे आता विकत नाहीत, फक्त तंबाखूच्या स्वादाचा मिळतो. बाबांना तोच हवा होता. पहिले दोन दिवस ते खूश होते. मग सोमवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तर बाबा शेडपाशी उभे आणि हातात खरी, पेटलेली सिगारेट.

"काय झालं, बाबा?"

"जळकं लागतं गं. चार झुरके बरे येतात, पाचव्याला घसा सोलून निघतो. तुमच्या यंत्रापेक्षा ही बरी. पेटवली की शेवटपर्यंत जळते."

"तुमच्या यंत्रापेक्षा" हे मला लागलं. मी काम करते तिथे चिप बनवणाऱ्या यंत्रांचे भाग तयार होतात आणि माझं काम त्यांच्या थंडाव्याचं आहे. पाणी जिथे जायला हवं तिथे, हवं तेवढं, मध्ये एकही बुडबुडा न येता पोचवायचं. दिवसभर मी तेच करते, आणि चांगलं करते. आणि आमच्याच घरात एवढ्याशा नळीत द्रव जाग्यावर पोचत नव्हता.

जेवण झाल्यावर मी टेबलावर टिश्यू पसरला, टाचणीने कार्ट्रिजचं टोपण उचकटलं आणि आतलं सगळं चिमट्याने बाहेर काढलं. बाबा समोर बसले होते. आत मधोमध एक बारीक नळी, तिच्यात तापणारी तार, तारेतून ओवून नळीच्या दोन भोकांतून बाहेर आलेली कापसाची वात, आणि भोवती पांढऱ्या कृत्रिम धाग्याचा बोळा. द्रव त्या बोळ्यात साठतो, वात तो ओढून घेते, तार तापली की त्याची वाफ होते.

"हे बघा, बाबा. बोळा खालच्या टोकाला चिंब आहे आणि वातीपाशी कोरडा. म्हणजे माल आहे, पण तो पुढे सरकत नाहीये."

बाबांनी चष्मा वर केला. "मी ओढतो भराभर, तो येतो सावकाश. मधल्या वेळात वात भाजते."

"अगदी तेच."

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी थोडा वेळ त्या कार्ट्रिजला दिला. आधी धाग्याच्या जागी साधा कापूस उकळून, वाळवून भरला, आणि दाबून भरला, म्हणजे वातीला चिकटून राहील. त्याने उलटंच झालं. घट्ट कापूस द्रव धरून बसला, वातीला देईचना. मग सैल भरला. तेव्हा वातीला इतकं मिळालं की नळी तुंबली. बाबांनी झुरका घेतला, आत गुळगुळ आवाज झाला आणि कडू द्रव थेट जिभेवर आला. ते सिंककडे धावले.

"सूनबाई," चूळ भरून ते म्हणाले, "मला सिगारेट सोडायचीय, जग नाही."

मी हसले, पण मला अंदाज आला होता. नुसता कापूस घट्ट की सैल एवढाच प्रश्न नव्हता. कापसात धागे सगळ्या दिशांना जातात, द्रव त्यात भरकटतो. मला त्याला सरळ वाट द्यायची होती, खालच्या टोकापासून वातीपर्यंत. पातळ, टिकाऊ, न विरघळणारा, द्रव शोषणारा कागद हवा होता. आणि तो आमच्या घरात होता.

इथे कोणाकडेही गेलात की गरम पाण्याचा पेला आणि चहाच्या पिशव्यांची पेटी समोर येते. आमच्याकडेही पाहुण्यांसाठी एक पेटी ठेवलेली होती. आलं घालून उकळलेल्या चहावर वाढलेल्या बाबांना या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. मी दोन वेगवेगळ्या पिशव्या फाडल्या, चहा काढून टाकला आणि रिकाम्या पिशव्यांची टोकं मेणबत्तीवर धरली. एकीचा वितळून काळा मणी झाला. ती प्लास्टिकची, ती बाद. दुसरीची नुसती राख झाली. तिचा कागद मी रंग जाईपर्यंत उकळला, वाळवला, लांब पट्टी कापली आणि पंख्यासारख्या उभ्या घड्या घालून नळीभोवती गुंडाळली, वातीची दोन्ही टोकं घड्यांच्या मध्ये येतील अशी. मग थेंब थेंब द्रव सोडला. कागदावरून तो वर चढताना डोळ्यांना दिसत होता.

बाबांच्या हातात द्यायच्या आधी मी ते स्वतः बॅटरीला लावून, छोट्या पिचकारीने हवा ओढून, पार कोरडं होईपर्यंत चालवलं आणि उघडून बघितलं. उष्णता नळीच्या आतच राहते, कागद कुठेही तांबूस झाला नव्हता. तेव्हा कुठे मी दुसरं भरून त्यांना दिलं.

बाबांनी एक झुरका घेतला. दुसरा. पाचवा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नाही लागत जळकं," ते म्हणाले. मग कागदाचा उरलेला तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला. "चला, या पिशवीचा कशाला तरी उपयोग झाला."

नवऱ्याला मात्र हे अजिबात पटलं नव्हतं. तो कामासाठी आठवड्यातले तीन दिवस अ‍ॅमस्टरडॅमला जातो, उशिरा घरी येतो. त्या दिवशी आला, तर टेबलावर चिमटे, टाचण्या आणि वाळत घातलेले कागद.

"बाबांनी व्यसन सोडावं म्हणून आपण धडपडतोय," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला, "आणि तू त्या व्यसनाला पाइपलाइन टाकून देतेस."

"ते नीट चाललं नाही की ते मागे जाऊन खरी पेटवतात. सोमवारी पेटवली."

"पेटवू नये मग! आई शेवटपर्यंत सांगत होती त्यांना. तिचं ऐकलं नाही, आता तू कागद कापून देणार आणि ते सुधारणार?"

"सुधारायला नाही रे करत. जमावं म्हणून करतेय."

आमचा आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीत बाबांनी टीव्ही बंद केला तेव्हा आम्ही गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. बाबा चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "त्याचा राग बरोबर आहे," ते म्हणाले. "लहानपणी मी त्यालाच पाठवायचो टपरीवर. भर उन्हात पळत जायचा, पळत यायचा. मी शाबासकी द्यायचो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मला गळीत हंगामात सवय लागली. रात्रपाळीला झोप यायची. हंगाम संपला की सोडीन, असं दरवर्षी म्हणायचो. तुझी सासू म्हणायची, तुमचा हंगाम काही संपत नाही."

मी लॅपटॉप मिटला. "आणि आता?"

"आता तू भरून देतेस म्हणून ओढतो. ते काही खरं नाही. मला शिकव."

मी शिकवलं. कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला थेंब मोजून सोडायला शिकवावं लागत नाही, घड्या घालायला मात्र वेळ लागला. आम्ही दोघांनी मिळून ते काम पुढे नेलं. थंडी वाढली तसं कार्ट्रिज बाहेर पुन्हा कोरडं पडायला लागलं. मी कागदात दोष शोधत होते. बाबा म्हणाले, "कागद ठीक आहे. द्रव घट्ट झालाय. कारखान्यात थंडीत मळीसुद्धा पाइपातून हलत नाही, तापवूनच पंपात घ्यावी लागते." तेव्हापासून ते कार्ट्रिज शर्टाच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायला लागले आणि तो प्रश्न मिटला. खऱ्या सिगारेटचं शेवटचं पाकीट त्यांनी अर्धं असतानाच कचऱ्याच्या पेटीत टाकलं. त्याची वाच्यता केली नाही. मला ते पेटी रिकामी करताना दिसलं.

पण परत जायची तारीख जवळ येत होती. पुण्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. आणि भारतात ई-सिगारेटला बंदी आहे. ही गोष्ट आम्हाला माहीत होती, पण कोणी बोललं नव्हतं. एका रविवारी जेवताना नवऱ्यानेच विषय काढला.

"बाबा, हे तुम्हाला तिकडे नेता येणार नाही. मग काय करणार?"

"माहितीय मला," बाबा म्हणाले. "म्हणूनच तर तुझ्या बायकोला म्हटलं, पुढची बाटली कमी निकोटिनची आण."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाबा पुढे म्हणाले, "त्याच्यानंतर बिननिकोटिनची. विमानात बसताना खिशात काही नसेल. बघ तू."

ते आठवडे सोपे नव्हते. निकोटिन कमी झालं तसे बाबा चिडचिडे झाले. भाजीत मीठ नाही म्हणाले, मग जास्त आहे म्हणाले. दुपारी शेजारच्या गल्ल्यांतून भटकून यायचे. एकदा पाय भिजवून, रस्ता चुकून आले आणि माझ्यावरच उखडले. मी त्यांना बोलू दिलं. ते सोडतील याची मला खात्री होती. पाणी कुठे अडणार आणि कुठे वाट काढणार हे मला आधी कळतं, तशी खात्री. कार्ट्रिज रोज नीट भरलेलं असायचं. एकही जळका झुरका त्यांना शेडकडे ढकलणार नाही, एवढं माझ्या हातात होतं आणि तेवढं मी चोख केलं.

विमानतळावर नवऱ्याने त्यांची बॅग ट्रॉलीवर चढवली. बाबांनी जॅकेटचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढून त्याला दाखवले, शाळेतल्या मुलासारखे. नवरा हसला नाही. त्याने पुढे होऊन ते खिसे पुन्हा आत ढकलले आणि चेन लावली.

लग्नाच्या दिवशी बाबांचा फोन आला. मागे सनईचे सूर आणि माणसांचा गलका. मी फोन नवऱ्याकडे दिला.

"इथे सगळे बाहेर उभे राहून ओढतायत," बाबा म्हणाले. स्पीकरवर मला ऐकू येत होतं.

"त्रास होतोय का, बाबा?"

"होतोय."

"मग?"

"मग काय, आत येऊन जिलबी खाल्ली. तिसऱ्यांदा."

नवरा बराच वेळ त्यांच्याशी बोलत राहिला. हॉल कसा आहे, कोण कोण आलंय, तिकडे थंडी आहे का. फोन ठेवल्यावर म्हणाला, "उन्हाळ्यात बोलावू या त्यांना. तिकीट मी काढतो."

बाबा आले ते चांगले जाड होऊन. सिगारेट सुटल्यापासून भूक फार लागते, अशी त्यांची तक्रार. नवऱ्याने त्यांच्यासाठी एक बुटकी, जुनी सायकल आणली आणि सीट खाली करून दिली. पहिल्या रविवारी आम्ही तिघं कालव्यापर्यंत गेलो. बापलेक पुढे होते, शेजारी शेजारी, काहीतरी वाद घालत. मागून येणाऱ्या एका डच माणसाने वाट द्या म्हणून घंटी वाजवली, तर बाबांनीही आपली घंटी वाजवून त्याला उत्तर दिलं आणि पुन्हा मुलाकडे वळून बोलायला लागले.