सुधीरचं कालवांचं ऑम्लेट

काही माणसांचे किस्से कुणी गोळा करत नाही. ते आपोआप साचतात, ऑफिसच्या सिंकमधल्या कपांसारखे. महादेवपुऱ्यातल्या आमच्या टीममध्ये हा मान पुण्याच्या सुधीरचा. तो क्लायंटकडे सहा आठवडे तैवानला जाऊन आला आणि येताना तिथलं कालवांचं ऑम्लेट घेऊन आला. डोक्यात, अर्थात.

*

अंडं, कालवं, थोडी पालेभाजी, रताळ्याच्या पिठाची खळ आणि वर गोडसर लाल सॉस. तिकडे हे गाडीवर मिळतं. सुधीर रोज संध्याकाळी एकाच गाडीवर जायचा म्हणे, आणि गाडीवाल्या मावशी त्याला लांबूनच ओळखायच्या.

"मला तैवान आतून कळलंय," हे वाक्य आम्ही मीटिंगमध्ये, कँटीनमध्ये आणि एकदा फायर ड्रिलच्या जिन्यातही ऐकलं.

मी रत्नागिरीचा. कालवं खडकावरून फोडून काढण्यात माझं बालपण गेलं. मला त्याने कालव म्हणजे काय हे व्हाइटबोर्डवर चित्र काढून समजावलं. मीही मान डोलावली. अप्रेझलच्या फॉर्मवर 'सहकार्य' नावाचा रकाना असतो.

*

मग बातमी आली की तैवानहून क्लायंटकडचे लिनसाहेब येणार, आणि तिकडच्या दोन वर्षांच्या पोस्टिंगसाठी आमच्यातला एक जण तेच निवडणार. सुधीरला ते पोस्टिंग मनापासून हवं होतं. त्यासाठी तो रोज पहाटे उठून मँडरिन शिकत होता. हे मी थट्टेत सांगत नाहीये.

लिनसाहेबांना घरी बोलवून ऑम्लेट खाऊ घालायचं ठरलं. घरी म्हणजे माझ्या घरी, बनशंकरीला. सुधीरच्या जे. पी. नगरच्या घरमालकांना अंड्याचं नावही चालत नाही.

*

रताळ्याचं पीठ कुठे मिळेना. शेवटी एका दुकानात उपासाच्या फळीवर सापडलं, राजगिरा आणि साबुदाण्याच्या मधोमध. दुकानदाराने अदबीने विचारलं, घरात कुणाचं व्रत आहे का?

"माझंच," सुधीर म्हणाला. दुकानदाराने वर केळी फुकट दिली.

*

रंगीत तालीम तीनदा झाली. पहिलं ऑम्लेट तव्यावरून निघालंच नाही. दुसरं निघालं, पण आमच्या टीममधली नागपूरची रश्मी बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "चव छान आहे रे. फक्त संपत नाही."

सुधीरने ते 'टेक्श्चर' म्हणून लिहून घेतलं. स्वतः मात्र तिन्ही वेळा एक घासही खाल्ला नाही. पाहुण्यांआधी शेफने खायचं नसतं, म्हणाला.

*

लिनसाहेब आले. सुधीरने मँडरिनमध्ये स्वागत केलं आणि वाफाळतं ऑम्लेट पुढे ठेवलं. साहेबांनी ते प्रेमाने पाहिलं आणि हात जोडले. त्यांच्या पंचांगाचा तो पंधरावा दिवस होता. त्या दिवशी ते मासे, मटण, अंडं काही खात नाहीत.

आमच्याकडे भिंतीवर कॅलेंडर होतं. खाली घरमालकीण अक्कांकडे सकाळपासून सत्यनारायणाची तयारी चालली होती. पौर्णिमा आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आम्ही मात्र कालवं धूत होतो.

मी साहेबांना खाली घेऊन गेलो. ते मांडी घालून पूजेला बसले आणि प्रसादाचा शिरा त्यांनी तीनदा मागून घेतला. अक्कांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या इथे कानडी मुलखातच. त्या दारात उभ्या राहिलेल्या सुधीरला म्हणाल्या, "सहा आठवडे तिकडं राहून आलास नव्हे? पौर्णिमा तिकडं पण असते की रे. बैस, स्वल्प शिरा खा."

सुधीर बसला आणि शिरा खाल्ला. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

*

पोस्टिंगच्या मेलमध्ये नाव माझं आलं. सुधीर मला विमानतळावर सोडायला आला. ऑम्लेटच्या गाडीपर्यंतचा नकाशा स्वतः काढून दिला आणि म्हणाला, "मावशींना फक्त माझा फोटो दाखव. बाकी काही सांगावं लागणार नाही."

पहिल्याच आठवड्यात लिनसाहेबांना घेऊन त्या गाडीवर गेलो. फोटो दाखवला. मावशींनी चष्मा लावून पाहिला आणि तोंडभर हसल्या. त्याला खरंच ओळखत होत्या! मला उगाच भरून आलं.

मग त्यांनी साहेबांना काहीतरी विचारलं. साहेबांनी ते मला इंग्रजीत सांगितलं.

"त्या विचारतायत, तुमच्याही ऑम्लेटमधली कालवं काढूनच द्यायची का?"