वंगण म्हणू नका!

तेलाच्या दुकानात किस्से साठतात ते शनिवारी. कारण साधं आहे. आमच्या सोलापुरात शनिवारी कुणी तेल विकत घेत नाही. तेलाबरोबर शनी घरात येतो म्हणतात. सहा दिवस गिऱ्हाईक भांडं पुढं करतं आणि घाईनं जातं. शनिवारी तेच गिऱ्हाईक रिकाम्या हातानं येऊन फळीवर बसतं, ते दोन तास उठत नाही! तेल खपत नाही, गोष्टी मात्र मिळतात.

माझा मूळ धंदा करडीच्या तेलाचा. गावात मोटारी आल्या तेव्हा मी इंजिनाच्या तेलाचे डबेही ठेवले. इंग्रजी मला येत नाही. म्हणून दोन बाटल्यांत दोन तेलं घ्यायची आणि दोन्हींत एकेक छर्रा सोडायचा. ज्यात छर्रा सावकाश बुडाला ते जाड, भराभर बुडाला ते पातळ. एवढीच माझी शाळा!

* * *

पहिलं मोठं गिऱ्हाईक तात्यासाहेब वकील. त्यांनी एका संस्थानिकाच्या तबेल्यातून जुनी मोटार उचलली होती, जर्मन लढाईच्या आधीची. रुबाब मोठा, पण सोबतचं माहितीचं पुस्तक गहाळ. आत कुठलं तेल घालायचं, कुणालाच ठाऊक नाही.

मी सहज विचारलं, "वकीलसाहेब, वंगण कुठलं देऊ?"

तात्यासाहेब ताठ झाले. "वंगण बैलगाडीला घालतात, गुरप्पा! ही मोटार आहे. तेल म्हण, तेल!"

"बरं, तेल."

मग ते त्यांच्या ड्रायव्हरकडं, हुसेनकडं वळले. "आणि तू ऐकून ठेव. इंजिन एकदा जरी जाम झालं, तर मोटार विकून टाकीन. मग हाक टांगा!"

हुसेन टांगा सोडूनच मोटारीवर आला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शेटजी, सोचके देना हां. मेरा घोडा बिक गया!"

* * *

आणि पहिल्यांदा चुकलो मीच. तेल कंपनीचा हॅटवाला एजंट पुण्याहून आला होता. "डब्यावर नंबर छापलाय, त्याप्रमाणे द्या," म्हणाला. मी दिलं. तेल निघालं पातळ, आणि इंजिन आतून झिजलेलं; तेल आतच जळायला लागलं. मोटार असा निळा धूर सोडू लागली की कोर्टातले पक्षकार धुरावरून ओळखायचे, तात्यासाहेब आले!

एके दिवशी विरुद्ध बाजूचे वकील भर व्हरांड्यात म्हणाले, "तात्यासाहेबांची बाजू आज जरा धूसर दिसतेय!"

पुढच्या खेपेला एजंटानं पुन्हा नंबर दाखवला. मी म्हटलं, "साहेब, नंबर छापलाय खरा. पण आमचा वैशाख छापलाय का कुठं?"

मी छर्रा सोडून जाड तेल निवडलं. धूर कमी झाला. हुसेननं एक चहा पाजला.

* * *

जेऊरच्या पाटलांचं वेगळंच. त्यांनीही मोटार घेतली, पण तेल घ्यायला तयार नाहीत.

"आमच्या रानातली करडी, आमच्याच गावचा घाणा. लई झ्याक तेल! इलायती कशाला पायजे?"

"पाटील, करडीचं तेल फार तापलं की चिकटतं. त्याचं रोगण होतं."

"आमी खातो की! आमाला चालतंय, मग इंजनाला का न्हाय?"

पंधरा दिवसांनी पाटलांची मोटार बैलांनी ओढत आणून मल्लय्या मिस्त्रीकडं टाकली. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तर आत पाटाला लावावं तसं चकचकीत रोगण! मी दुःख दाखवायला गेलो, तर पाटीलच मला समजावू लागले.

"इंजनाचं जाऊ द्या हो. पर मोटार गावातनं निगाली की पोरं मागं पळायची. म्हनायची, पाटील, भजी कुटं तळत्यात?"

हुसेन शेजारी उभा राहून ते इंजिन बघत होता. तो हसला नाही.

* * *

एक दिवस तात्यासाहेब बाटलीत काळंकुट्ट तेल घेऊन दुकानात आले. बाटली फळीवर ठेवली आणि उलटतपासणी सुरू!

"तू दिलंस तेव्हा तेल कसं होतं?"

"सोन्यासारखं."

"आता कसं आहे?"

"काळं."

"म्हणजे भेसळ! कबूल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून हुसेन बोलला, "कपडे धोये सो पानी कालाइच होता ना, साब! तेल अंदर का मैल निकाला. काला नै हुआ तो समझो काम नै किया."

तात्यासाहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. बाटली उचलली.

"साक्षीदार पढवलेला आहे!" म्हणाले आणि नवा डबा घेऊन गेले.

* * *

माघातला शनिवार. तात्यासाहेबांच्या मुलाचा साखरपुडा बार्शीला. घरची माणसं आदल्या दिवशी रेल्वेनं गेलेली. मागं राहिले तात्यासाहेब आणि त्यांच्या मातोश्री, माई. शालू आणि साखरेचा पुडा माईंच्या मांडीवर. ते पोचल्याशिवाय तिकडं काही सुरू व्हायचं नव्हतं.

मोटार सकाळीच माझ्या दुकानासमोर थांबली. हुसेननं तेल बघायची सळई बुडवून काढली. कोरडी! त्यानं शुक्रवारीच सांगितलं होतं. तात्यासाहेब म्हणाले होते, "दुकान वाटेवरच आहे, उद्या घेऊ."

मी डबा घेऊन पुढं झालो.

"काय घेतोस रे?" माईंनी तात्यासाहेबांना विचारलं.

"तेल, आई."

"शनिवारी? शुभकार्याला निघताना? मी उतरते. शालूही उतरतो!"

"आई, हे खायचं तेल नव्हे..."

"तेल म्हणालास ना? मग तेल ते तेल."

तात्यासाहेब वैतागले. "हुसेन, चल तसाच!"

हुसेन मोटार सुरू करायचं हँडल हातात घेऊन उभाच राहिला. "साब, पाच-छे कोस पे जाम होएगी. फिर मेरे कू टांगा हाक बोलना नै."

बार्शीकडची रेल्वे निघून गेलेली. मुहूर्त दुपारचा. मी डबा धरून उभा. माझ्याकडं दुसरा शब्द होता, पण तो उच्चारायची तर मला बंदी!

तात्यासाहेबांनी डब्याकडं पाहिलं, हुसेनकडं पाहिलं. रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना, तेही पाहिलं. मग घसा खाकरून हळूच म्हणाले,

"गुरप्पाशेट, एक डबा वंगण द्या."

"कसला डबा?" माईंना ऐकू आलं नव्हतं.

"वंगण, आई! वंगण!" ते ओरडले. समोरच्या कापडवाल्यानं मान बाहेर काढली.

माई पुन्हा नीट टेकून बसल्या.

"मग आधी नाही का सांगायचंस? घाल म्हणावं भरपूर. आपल्या बैलगाडीला नव्हतो का घालत!"