चौथी खाच

मिक्सर घरोघर आले आणि मनकर्णाबाईची आरोळी बंद पडली. त्याआधी तीस वर्षं ती शहरात गारखेडा, मुकुंदवाडी पालथी घालत ‘जात्याला टाकी, पाट्याला टाकी’ असं ओरडत हिंडली होती. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकतं. त्याच्यावर छिन्नीनं बारीक घाव घालून तो पुन्हा खरखरीत करायचा, हा त्या पाथरवटाच्या घराचा पिढीजात धंदा. आता ती गावी, लेकाकडे राहत होती आणि सुनेनं, सुरेखानं, तिचा स्वतःचा पाटा न्हाणीच्या दाराला टेकण म्हणून लावला होता.

गावामागच्या खडकावर चौकोनी खाचांच्या रांगा होत्या. तो खडक फोडून मंगल कार्यालयाच्या गाड्यांना जागा करायची, असं सरपंच तात्यासाहेबांच्या मनात होतं. ठराव सोमवारच्या ग्रामसभेत व्हायचा होता. जुन्या जागांची नोंद करायला विद्यापीठातून आलेली करुणा शनिवारी खडकावर जमलेल्या लोकांपुढं म्हणाली, ही जुनी दगडखाण दिसते, फोडू नका.

“कसली जुनी?” तात्यासाहेब म्हणाले. “माझ्या वडलांच्या वक्ताला रस्त्याच्या ठेकेदारानं पाडलेली भोकं हायत ती.”

करुणानं खाचेतली धूळ पुसून पाहिली. खाच कधीची, हे दगड आपण होऊन सांगत नाही.

मागं उभी असलेली मनकर्णाबाई बोलली, “ठेकेदार सुरुंगाचं गोल भोक पाडतो, तात्यासाहेब. ही पाचरीची खाच हाय. रांगंनं खाचा पाडायच्या, पाचरी ठोकायच्या, दगड सरळ उलतो. अर्धी खाच इथं राहती, अर्धी दगडासंगं जाती.”

“मग कुठं गेला तो दगड? तुझ्या माहेरी?”

लोक हसले. मनकर्णाबाई घरी येऊन जेवायला बसली. पुढ्यातल्या भाताला बोटानं टोकरता टोकरता एकदम तिचा हात थांबला. बारवेच्या काठावरचा तो लांब दगड. त्याच्या कडेच्या खाचा म्हणजे पाणी शेंदताना दोर घासून पडलेल्या, असं गावच्या सगळ्या बायका सांगत आलेल्या. पण दोर दगडाला काचेसारखा गुळगुळीत करतो. या खाचांत बोट घातलं की छिन्नीचे घाव लागायचे. कुणी विचारलं नाही, म्हणून तिनं कधी सांगितलं नव्हतं. आणि बारव यादवांच्या वेळची, हे तर तात्यासाहेब दर भाषणात सांगत.

रविवारी सकाळी ती सुनेला म्हणाली, “सुरेखा, कणीक मळ. घट्ट.”

“आत्ताच तर भाकर खाल्ली, आत्याबाई.”

“खायाला नाय.”

“मग गहू काय रानात उगीच पडलेत व्हय?” सुरेखानं कुरकुरत कणीक मळली आणि आपल्या पिठाचं होतंय काय हे बघायला परात घेऊन मागोमाग निघालीही.

खडकाच्या उललेल्या कडेला ओळीनं नऊ अर्ध्या खाचा होत्या. आठ सरळ, डावीकडून चौथी तिरपी. “इथं कारागिराचा हात घसरला,” मनकर्णाबाई म्हणाली. “बायकोनं उपाशी धाडला असंल.”

“म्हंजे तवाही सुनंचीच चूक,” सुरेखा म्हणाली.

मनकर्णाबाईनं खाचेला तेल लावलं, कणीक दाबून भरली, अलगद साचा काढला. मग दोघी बारवेवर गेल्या. काठावरच्या दगडालाही नऊच खाचा होत्या. तिनं डावीकडून चौथी चाचपली. सरळ. पुन्हा चाचपली. सरळच. तिनं हातातला साचा परातीत परत ठेवला.

सुरेखा परात कमरेवर घेऊन बघत होती. “आत्याबाई, शेंग फोडून पसरली की एक फाक डावीकडं पडती, एक उजवीकडं; डाव्याचं उजवं होतं. उजवीकडनं मोजा की.”

उजवीकडून चौथी तिरपी होती. मनकर्णाबाईनं तिचाही साचा काढला.

सोमवारी मनकर्णाबाईनं ग्रामसभेच्या टेबलावर दोन साचे ठेवले आणि जोडले. एक अख्खी, वाकडी पाचर उभी राहिली. करुणानं दोन्हीकडच्या खाचांमधली अंतरं टेपनं मोजून आणली होती. तिनं एकेक वाचून दाखवलं. नवव्या खाचेपर्यंत कुठं फरक नव्हता. बारवेचा दगड या खडकातून निघाला होता, म्हणजे खाण निदान बारवेइतकी जुनी.

“कणकंवर काय भरवसा?” तात्यासाहेब म्हणाले.

“मग तुमी दाबा. परात आणलीय.”

अख्खी सभा उठून बारवेवर गेली, तिथून खडकावर. तात्यासाहेबांनी अंगठ्या काढून खिशात टाकल्या, बाह्या सारल्या आणि स्वतः कणीक दाबली. दोन तुकडे जोडून ते बराच वेळ फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, “गाड्या शाळंमागं लावू. खडकाला हात लावायचा नाय.” सगळे हात वर झाले. परवा हसणाऱ्यांचे सगळ्यात आधी.

करुणानं कागद काढला. “शोध कुणी लावला म्हणून लिहू?”

“मनकर्णाबाई. अन् सुरेखा. उजवीकडनं तिनं मोजलं.”

“तुमचा धंदा?”

“जात्या-पाट्याला टाकी लावणं.”

“पूर्वी?”

“आताबी.”

त्या संध्याकाळी न्हाणीचं दार वाऱ्यानं आपटत राहिलं. त्याचं टेकण चुलीपुढं आलं होतं. मनकर्णाबाई त्याच्यावर छिन्नी चालवत होती आणि सुरेखा शेजारी लसूण सोलत वाट बघत होती.