बांधावर विळा घेऊन बसले तेव्हा

त्या सकाळी अमेरिकेत, फ्रीमाँटच्या घरात मी, थोरला मुलगा, सून आणि नात, एवढेच होतो. धाकटा मालाच्या जहाजावर खलाशी आहे. त्याचं जहाज समुद्रात अडकलं होतं आणि चार दिवस फोन नव्हता. टीव्हीवर तिथलीच लढाऊ जहाजं दाखवत होते.

“भांडण कशाचं रे?” मी विचारलं.

थोरला म्हणाला, “एक देश शेजारची बेटं गिळत चाललाय. म्हणून दुसऱ्यानं जहाजं आणून उभी केलीत. बोलणी पण चालू आहेत.”

“मग मारत का नाहीत?”

“ते फक्त स्टँड करतात, आजी,” नात म्हणाली.

हे मला कळलं. आमचा शेजारी दर पेरणीला बांध कोरायचा. नवरा वारल्यावर मी विळा घेऊन बांधावर बसले. विळा उगारला नाही. त्याच्या बायकोशी रोज गोड बोलले. आठव्या दिवशी त्यानं हद्दीचा दगड मागं नेला. पण आठ दिवस माझी मजुरी बुडाली, आणि पोरं कण्यांच्या पेजेवर राहिली. धाकटा तर रांगत होता.

तिथं अडकलेल्या जहाजांवर जेवण पोचतं का, हे तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगा.